कुपीत माणूस बसवण्याआधी : हौशी रॉकेट गटांना खुले पत्र

हौशी रॉकेट बांधणाऱ्या, आणि त्यात एक दिवस माणूस बसवू पाहणाऱ्या सर्व गटांस,

सप्रेम नमस्कार.

वर्गणी काढून, सुट्टीच्या दिवशी शेडमध्ये जमून, कारखान्यांना माल पुरवणाऱ्या दुकानातले व्हॉल्व्ह आणि दुधाच्या टाक्यांना लागतो तो स्टेनलेसचा पत्रा वापरून अवकाशाच्या वेशीपर्यंत जाता येते का, हा वाद आता मिटला आहे. मे २००४ मध्ये अमेरिकेतल्या ब्लॅक रॉक वाळवंटातून एका हौशी गटाचे रॉकेट शंभर किलोमीटरची रेषा ओलांडून गेले. २०१९ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचे 'ट्रॅव्हलर ४' सुमारे १०३ किलोमीटरवर पोचले, आणि २०२४ मध्ये त्याच गटाच्या पुढच्या विद्यार्थ्यांनी १४० किलोमीटरच्या वर मजल मारली. डेन्मार्कच्या 'कोपनहेगन सबऑर्बिटल्स'ने तर २००८ पासून माणूस पाठवण्याचेच ध्येय धरले आहे. त्यांचे 'नेक्सो २' ४ ऑगस्ट २०१८ रोजी बाल्टिक समुद्रातल्या तरंगत्या मंचावरून साडेसहा किलोमीटर वर गेले आणि पॅराशूटने सुखरूप उतरले.

यातल्या एकाही रॉकेटमध्ये माणूस नव्हता. अमेरिकेच्या हवाई नियमांत तर हौशी रॉकेटच्या व्याख्येतच 'मानवरहित' हा शब्द आहे. त्यापुढे ८,८९,६०० न्यूटन-सेकंदांचा एकूण आवेग (इंजिनाचा जोर गुणिले तो जितके सेकंद चालला ते) आणि १५० किलोमीटरची उंची या मर्यादा येतात. म्हणजे कुपीत, रॉकेटवरच्या त्या बंद डब्यात, माणूस बसला की तिथल्या कायद्याच्या लेखी तुमची हौस हौस उरत नाही. हा भेद कायद्याने उगाच केलेला नाही, आणि हे पत्र त्या भेदाबद्दलच आहे.

तुम्हाला थांबवायला आम्ही लिहीत नाही. तुमचे गणित मुळात बरोबर आहे. तीस किलोमीटर उंचीवर इंजिन बंद होताना सेकंदाला साधारण १,२०० मीटर वेग असेल, तर कुपी उरलेले अंतर नुसत्या जोरावर चढते, शंभर किलोमीटर ओलांडते आणि सुमारे चार मिनिटे वजनरहित राहते. कक्षेत फिरायला मात्र सेकंदाला ७.८ किलोमीटर वेग लागतो आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे चाळीसपट. वर जाऊन खाली येणाऱ्या कुपीला त्यामुळे उष्णतारोधक म्हणून बुचाच्या लाकडाचा थरही पुरतो. रोजच्या वापरातल्या वस्तूंनी हे काम होऊ शकते, हे आम्हालाही मान्य आहे.

आमचे म्हणणे एवढेच आहे : बाजारातला भाग ज्या थंडीत, ज्या दाबात, ज्या हादऱ्यांत तुम्ही वापरणार, त्याच स्थितीत तो आधी शेकडो वेळा वापरून पाहिलेला असला पाहिजे. आणि ज्या रॉकेटमध्ये माणूस बसणार तेच रॉकेट, तीच कुपी, तेच पॅराशूट आधी रिकामे जाऊन धड परत आलेले असले पाहिजे. यातले एकही वगळून तारीख जाहीर करू नका.

हेअर ड्रायरची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. ५ सप्टेंबर २०१० रोजी कोपनहेगनच्या गटाचे पहिले मोठे रॉकेट उडायचे होते. द्रवरूप ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह गोठू नये म्हणून त्याला ऊब द्यायला चक्क केस वाळवायचे यंत्र बसवले होते. त्याची वीज संपली, व्हॉल्व्ह गोठला आणि उड्डाण रद्द झाले. जगभर यावर हसू झाले. आमच्या मते दोष हेअर ड्रायरचा नव्हता, विजेच्या हिशेबाचा होता. एक किलोवॉटचे यंत्र १२ व्होल्टवर ऐंशीपेक्षा जास्त अँपिअर ओढते. मोटारीची ६० अँपिअर-तासांची बॅटरी ते कागदावर चाळीस मिनिटे चालवेल. समुद्रावरच्या गारव्यात, इतक्या जोराने वीज खेचल्यावर त्याच्या निम्मा वेळ मिळाला तरी पुष्कळ. उड्डाण हटकून लांबते. त्यामुळे ठरल्या वेळेच्या चौपट पुरेल एवढी वीज हाताशी नसेल, तर ती व्यवस्था नाही असेच समजा.

आता त्या व्हॉल्व्हकडेच जरा जवळून पाहू, कारण पुष्कळ गटांचे घोडे तिथेच अडते. दुकानात मिळणारा स्टेनलेसचा बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे आरपार भोक असलेला गोळा फिरवून उघडणारा, चांगला असतो. पण तो बनलेला असतो पाण्यासाठी, वाफेसाठी, तेलासाठी. द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंशांवर उकळतो आणि एका लिटरचा आठशे लिटरांहून जास्त वायू होतो. व्हॉल्व्ह बंद केला की गोळ्याच्या भोकात आणि भोवतीच्या पोकळीत थोडा द्रव कोंडून राहतो. तो तापू लागला की त्याला बाहेर पडायला वाट नसते. मग गोळा ज्यावर टेकतो त्या बैठकीचे टेफ्लॉन तरी फुटते, नाहीतर व्हॉल्व्हची काया. उपाय दोन मिनिटांचा आहे. व्हॉल्व्ह बंद असताना गोळ्याची जी बाजू टाकीकडे येते, तिथे दोन-तीन मिलिमीटरचे भोक पाडा. पोकळी टाकीला जोडलेली राहते आणि दाब साठत नाही. त्यानंतर तो व्हॉल्व्ह एकाच दिशेने बसवायचा असतो, म्हणून बाहेर बाण कोरा. रंगाने काढू नका, रंग उडतो. हाच नियम नळ्यांनाही आहे : दोन बंद व्हॉल्व्हच्या मध्ये येणाऱ्या प्रत्येक तुकड्याला स्वतःचा सुरक्षा-व्हॉल्व्ह हवा. आराखडा समोर घ्या, सगळे व्हॉल्व्ह बंद आहेत असे धरा आणि कोंडलेला प्रत्येक तुकडा लाल पेन्सिलीने रंगवा. एखादा तुकडा हमखास सुटलेला सापडतो.

नवा व्हॉल्व्ह कारखान्यातून येतो तो ग्रीस लावूनच. तेल, ग्रीस आणि ऑक्सिजन एकत्र आले की नुसत्या ठोक्याने पेट घेतात. म्हणून प्रत्येक भाग सुटा करायचा, तेल काढणाऱ्या द्रावणाने धुवायचा, शुद्ध पाण्याने खळखळून घ्यायचा. मग पाहायचे : स्वच्छ धातूवर पाण्याचा पापुद्रा अखंड राहतो, जिथे तो फाटून थेंब जमतात तिथे अजून तेल आहे. अंधारात अतिनील दिव्याखाली पुष्कळशी तेले चमकतात, तीही खूण बघून घ्या. शेवटी कोरड्या नायट्रोजनने वाळवून पिशवीत सीलबंद करा. त्या पिशवीवर तारीख आणि धुणाऱ्याचे नाव हवे. पिशवी उघडी सापडली तर पहिल्यापासून धुणे, मग दुसऱ्या दिवशी उड्डाण असो वा नसो.

थंडीत टेफ्लॉन पोलादापेक्षा बरेच जास्त आकसते. व्हॉल्व्ह गळू लागतो, कुणीतरी पॅकिंगचा नट आवळतो, आणि मग व्हॉल्व्ह उघडणाऱ्या मोटरला त्याचा दांडा फिरवता येत नाही. म्हणून दांडा फिरवायला लागणारा जोर थंडीतच मोजा. त्यासाठी द्रवरूप नायट्रोजन वापरा. तो उणे १९६ अंशांवर असतो, म्हणजे ऑक्सिजनपेक्षा कडक परीक्षा, आणि आग वाढवत नाही. मोजलेल्या जोराच्या तिप्पट ताकदीची मोटर बसवा. दांड्यावर बर्फ साठतो तो हवेतल्या दमटपणामुळे. व्हॉल्व्हभोवती पिशवी बांधून तीत कोरडा नायट्रोजन हळूहळू सोडत राहिलात, तर बर्फच होत नाही आणि ऊब देण्याची गरज पुष्कळशी उरत नाही. ऑक्सिजनच्या वाफेत उभ्या राहिलेल्या माणसाचे कपडे पुढचा अर्धा तास ठिणगीला आसुसलेले असतात, हे शेडमधल्या प्रत्येकाला पाठ हवे. डांबरी जमिनीवर द्रवरूप ऑक्सिजन भरू नये, हेही.

टाकीबद्दल एकच हिशेब मांडतो. ५० सेंटीमीटर व्यास, ४ मिलिमीटर पत्रा, २० बार दाब (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेचा दाब). टाकीच्या घेरात येणारा ताण १२५ मेगापास्कल. साधे ३०४ जातीचे स्टेनलेस सुमारे २०५ मेगापास्कलला कायमचे ताणले जाऊ लागते, म्हणून वाटते भरपूर जागा आहे. पण चाचणी दीडपट दाबाने करायची असते, तेव्हा ताण १८७ होतो. उभ्या जोडाची ताकद पत्र्याच्या ८५ टक्के धरली तर ती १७४ भरते. पत्रा पास, वेल्डिंग नापास! टाक्या जोडावर फुटतात त्या अशा. जाड पत्रा घ्या किंवा जोडाचे क्ष-किरण काढून तो निर्दोष असल्याची खात्री करा. अंदाजाने पुढे जाऊ नका.

चाचणी नेहमी पाण्याने. पाचशे लिटरच्या टाकीत २० बारने हवा भरली तर तीत जवळजवळ साडेचौदा लाख ज्यूल ऊर्जा साठते, म्हणजे सुमारे साडेतीनशे ग्रॅम टीएनटी या स्फोटकाएवढी. त्याच टाकीत त्याच दाबाचे पाणी असेल तर पाण्यात साठलेली ऊर्जा असते सुमारे साडेचारशे ज्यूल. टाकी फाटली तर एका बाबतीत शेड जाते, दुसऱ्या बाबतीत पाय भिजतात. पाणी भरताना वर हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, सगळी मेख त्यातच आहे. आणि 'आग लावायची नाही, नुसता प्रवाह बघायचा आहे' म्हणून माणसे जवळ उभी करू नका. जुलै २००७ मध्ये अमेरिकेतल्या मोहावी येथे नायट्रस ऑक्साइडच्या अशाच न पेटवता केलेल्या चाचणीत स्फोट होऊन तीन जण दगावले.

इंजिनाबद्दल तुम्हाला आम्ही फार काय सांगावे. बहुतेक गटांचा सगळा जीव तिथेच गुंतलेला असतो. दोनच गोष्टी. इंजेक्टरमधून, म्हणजे इंधन आत फवारणाऱ्या भोकांतून, जाताना दाबात होणारी घट चेंबरच्या, म्हणजे जिथे इंधन जळते त्या पोकळीच्या, दाबाच्या वीस टक्क्यांखाली आणू नका. आणलीत तर इंजिन गचके देऊ लागते आणि गचके वाढत जातात. आणि पेटवणारी ज्योत खरोखर लागली आहे याचा पुरावा मिळाल्याशिवाय मुख्य व्हॉल्व्ह उघडता कामा नये. ज्योतीच्या वाटेत ताणलेली एक बारीक तार पुरते : ती जळून तुटली तरच पुढची आज्ञा. नाहीतर चेंबरमध्ये अल्कोहोल आणि ऑक्सिजन साचतात आणि उशिरा आलेली ठिणगी इंजिनाच्या ठिकऱ्या करते.

आता माणूस.

लोक विचारतात, पंधरा मिनिटांच्या उड्डाणाला हवेची एवढी काय काळजी? पंधरा मिनिटांची नाहीच. काळजी आहे झाकण लावल्यापासून झाकण उघडेपर्यंतच्या वेळेची. झाकण लावले, वारा वाढला, एक सेन्सर चुकीचे दाखवू लागला, बोटी लांब गेल्या. दोन तास असेच जातात. धास्तावलेला माणूस मिनिटाला साधारण अर्धा लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. कुपीत हजार लिटर हवा असेल तर वीस मिनिटांत त्याचे प्रमाण एक टक्का होते, तासाभरात तीन, दोन तासांत सहा. तीन टक्क्यांना श्वास वाढतो, डोके दुखते. सहाला माणूस गोंधळतो, आणि आपण गोंधळलो आहोत हे त्याला कळत नाही. ऑक्सिजन संपायच्या खूप आधी हे होते. त्यामुळे 'आत ऑक्सिजनचा बाटला आहे' हे उत्तर नव्हे.

इथे मात्र रोजच्या वापरातले तंत्रज्ञान खरोखर उपयोगी पडते. भूल देण्याच्या यंत्रात आणि पाण्याखाली बुडी मारणाऱ्या पाणबुड्या माणसांच्या बंद श्वसनसंचात वापरतात तो सोडा लाइम घ्या. एक किलो दाणे शंभर लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड शोषतात. तीन तासांचे नव्वद लिटर होतात, म्हणजे कागदावर एक किलो पुरे. तुम्ही तीन किलो घ्या, कारण गारठ्यात दाणे मंदावतात आणि डबा नीट ठासून भरला नसेल तर हवा एका कडेने वाट काढून तशीच निघून जाते. डबा भरताना थोडे थोडे दाणे घालून थोपटत जा, जाळीचे झाकण स्प्रिंगने दाबून धरा. पंखा लहान चालेल, पण दोन हवेत, वेगवेगळ्या बॅटऱ्यांवर. ऑक्सिजनचे सेन्सर पाणबुडे तीन लावतात आणि दोन जे सांगतील ते खरे मानतात, तेच करा. ते रासायनिक घट असतात, वापरले नाहीत तरी म्हातारे होतात, म्हणून खरेदीची तारीख वर लिहा. कुपीत ऑक्सिजनचे प्रमाण २४ टक्क्यांवर जाऊ देऊ नका. २७ जानेवारी १९६७ रोजी अपोलो १ च्या तीन अंतराळवीरांचा जीव जमिनीवर, तालमीत गेला. आत शुद्ध ऑक्सिजन होता आणि दार आतल्या बाजूला उघडणारे होते.

गळतीचे गणित याहून निर्दय आहे. हजार लिटरच्या कुपीला करंगळीच्या नखाएवढे, म्हणजे एक चौरस सेंटीमीटरचे भोक पडले तर निर्वातात पन्नास सेकंदांत आतला दाब जवळजवळ एक तृतीयांशावर येतो. त्यापुढे माणसाला शुद्धीवर राहून काही करायला मिळतात ती काही मोजकी सेकंद. ३० जून १९७१ रोजी सोयुझ ११ या सोव्हिएत यानाची हवा समतोल करणारी एक झडप भलत्या उंचीवर उघडली. आतल्या तिघांच्या अंगावर दाबाचे पोशाख नव्हते, तिघेही गेले. दाबाचा पोशाख महाग आहे, शिवायला अवघड आहे, त्यात हालचाल करता येत नाही, हे सगळे खरे. तरीही पोशाखाशिवाय माणूस शंभर किलोमीटरवर पाठवू नये असे आमचे ठाम मत आहे. पोशाख जमत नसेल तर तो जमेपर्यंत थांबा.

कुपीची गळती तपासायला निर्वात खोली लागत नाही. आत बाहेरच्यापेक्षा एक वातावरण जास्त दाब भरा, म्हणजे भिंतीवर तेवढाच फरक येतो, आणि साबणाचे पाणी फासा. पण दार आणि काच यांचे सीलही आतून बाहेर दाबले जातील अशाच रचनेत तपासा. आधी पाण्याने, मग हवेने, आणि हवेच्या वेळी सगळे आडोशाला. दाबमापक रात्रभर वाचताना तापमानही लिहा : आत दोन वातावरणे दाब असेल तर एका अंशाच्या फरकाने सात मिलिबार हलतात. तापमान न लिहिता 'पहाटे दाब उतरला' किंवा 'दाब टिकला' असे म्हणण्याला काही अर्थ नाही.

बसण्याची जागा हा आणखी एक कळीचा मुद्दा. रॉकेट बारीक ठेवले की हवेचा विरोध कमी होतो, म्हणून माणसाला उभा किंवा अर्धउभा कोंबायचा मोह होतो. उभ्या माणसाच्या डोक्यातले रक्त चार-पाच जीला (एक जी म्हणजे जमिनीवर जाणवते तेवढे वजन) पायांकडे उतरते आणि तो बेशुद्ध पडतो. तोच माणूस पाठीवर आडवा असेल तर दहा जीसुद्धा थोडा वेळ सोसतो. अमेरिकेचा पहिला अंतराळवीर ॲलन शेपर्ड याला ५ मे १९६१ रोजी १८७ किलोमीटरवरून परतताना ११ जी सोसावे लागले. तो पाठीला साच्यात घट्ट बसणाऱ्या आसनात आडवा होता. शंभर किलोमीटरवरून येताना आकडा कमी असेल, पण कुपी कोणत्या बाजूने खाली येते यावर सगळे अवलंबून आहे. वर जाताना पाठीवर असलेला माणूस, कुपी उलटी फिरून नाकावर परतली तर पट्ट्यांना लोंबकळतो. आसन फिरवा, नाहीतर कुपी. काहीतरी एक फिरले पाहिजे.

पॅराशूटवर आम्हाला सगळ्यात जास्त बोलायचे आहे, कारण हौशी रॉकेटे बहुतेक वेळा तिथेच हरतात. आणि माणसेही. २०२० मध्ये अमेरिकेत वाफेवर चालणाऱ्या घरगुती रॉकेटमध्ये बसून एकाने उड्डाण केले; पॅराशूट सुरुवातीलाच सुटून मागे पडले आणि तो जिवाला मुकला.

तीनशे किलोची कुपी सेकंदाला आठ मीटरने पाण्यावर उतरवायची तर सुमारे ९४ चौरस मीटर कापड लागते. एकच पॅराशूट असेल तर अकरा मीटर व्यासाचे. आम्ही म्हणू, सव्वासहा मीटर व्यासाची तीन घ्या. एक उघडले नाही तर वेग ९.८ होतो, आपटणे म्हणजे सव्वातीन मीटरऐवजी पाच मीटरवरून पडल्यासारखे. चांगल्या आसनात माणूस वाचतो.

वेग मारण्याआधी मोठे पॅराशूट उघडण्याची चूक करू नका. ९४ चौरस मीटरचे कापड सेकंदाला शंभर मीटर वेगात एकदम पुरे फुलले तर झटका ४६ टनांच्या घरात जातो. दोर तुटेल, कापड फाटेल, नाहीतर कुपीची कडी उपटून येईल. म्हणून आधी दोन मीटर व्यासाचे छोटे पॅराशूट, ते कुपीचा वेग सेकंदाला पन्नास मीटरच्या आसपास आणते. मग मोठे, पण कडेला दोरी ओवून तोंड बांधलेले. ती दोरी काही सेकंदांनी कापली जाते आणि मग ते पूर्ण फुलते. कापणारे प्रत्येक यंत्र दोन-दोन. दोरांना गाठी मारू नका. गाठीपाशी दोराची ताकद निम्म्यापर्यंत उतरते. टोके दुमडून शिवा आणि शिवलेला नमुना ताणून तोडून पाहा. पॅराशूट भरताना दोन माणसे हवीत : एक घडी घालतो, दुसरा यादी मोठ्याने वाचतो, आणि प्रत्येक घडीचा फोटो. डब्याच्या भिंतीला कापड चिकटते का, हेही बघा, तेही डबा थंड असताना आणि दाबाचा फरक असताना. १९६७ च्या सोयुझ १ यानात छोटे पॅराशूट उघडले, पण मोठ्याला डब्यातून ओढून काढू शकले नाही. राखीव उघडले ते त्या छोट्यात गुंतले.

उघडायची आज्ञा कोण देणार? बाजारातले जीपीएस संच १८ किलोमीटर उंची आणि सेकंदाला ५१५ मीटर वेग या मर्यादांपलीकडे मुद्दाम बंद पडतात. काही दोन्ही ओलांडल्यावर, काही एक ओलांडली तरी. त्यावर पॅराशूट बांधू नका. हवेचा दाब मोजणारे संच ध्वनीचा वेग ओलांडताना फसतात, कारण धक्कालहर भोकावरून सरकते आणि संचाला वाटते आपण खाली येऊ लागलो. म्हणून वेग जास्त असेपर्यंत त्यांचे ऐकायचे नाही अशी अट आज्ञावलीत घाला. त्वरणमापक, दाबमापक आणि साधे घड्याळ, तिन्ही वेगळ्या बॅटऱ्यांवर, आणि शेवटी माणसाच्या हातात एक दांडा, विजेशिवाय चालणारा.

भाग कितीदा तपासायचा याचे एक सोपे गणित आहे. एखादी वस्तू सलग दहा वेळा बिनचूक चालली, तर ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की ती दहापैकी तीन वेळांपेक्षा जास्त फसणार नाही. शंभरात एकदाच फसेल असे म्हणायला सलग तीनशे वेळा चालली पाहिजे. तीनशे उड्डाणे कोणालाच परवडणार नाहीत. पण तीनशे वेळा थंड करून व्हॉल्व्ह उघडणे परवडते. दोरी कापायचे यंत्र तीनशे वेळा उडवणे परवडते. स्वस्त भागांचा खरा फायदा हाच आहे. एकाच खेपेतले भरपूर भाग घ्या, त्यातले बरेच मुद्दाम तोडा, आणि उरलेल्यांतले रॉकेटवर लावा. दुसऱ्या खेपेतला भाग आला की मोजणी पुन्हा एकपासून.

भाग चांगले असून जोडणी घात करते ती वेगळीच. २१ नोव्हेंबर १९६० रोजी अमेरिकेचे मर्क्युरी-रेडस्टोन रॉकेट रिकामी कुपी घेऊन चार इंच उचलले गेले, इंजिन बंद झाले आणि ते परत मंचावर बसले. सुटकेचा मनोरा, म्हणजे संकटात कुपीला ओढून दूर नेणारे वरचे छोटे रॉकेट, एकटाच उडून गेला, कुपीतून पॅराशूट बाहेर पडून लोंबू लागले. कारण? जमिनीशी जोडलेले दोन प्लग उलट्या क्रमाने सुटले, तेही सेकंदाच्या काही शतांशांच्या फरकाने. भरलेले रॉकेट, वाऱ्यावर फडफडणारे पॅराशूट, आणि जवळ जायची सोय नाही. त्या लोकांनी काही केले नाही. ऑक्सिजन उकळून जाईपर्यंत आणि बॅटऱ्या उतरेपर्यंत सकाळची वाट पाहिली. तुमच्या कार्यपुस्तिकेत 'काहीही न करता थांबणे' यासाठी स्वतंत्र पान आहे का? नसेल तर ते आजच लिहा, आणि तेवढा वेळ आतल्या माणसाला पुरेल एवढा सोडा लाइम आहे का ते त्याच पानावर मांडा.

तेच रेडस्टोन, आणि तुमच्यासारखेच इंधन : पाणी मिसळलेले अल्कोहोल आणि द्रवरूप ऑक्सिजन. ३१ जानेवारी १९६१ रोजी त्यातून हॅम हा चिंपांझी गेला. इंजिन गरजेपेक्षा जोरात चालले, ऑक्सिजन लवकर संपला, सुटकेची यंत्रणा पेटली. कुपी ठरल्यापेक्षा बरीच उंच गेली आणि परतताना त्याला १४.७ जी बसले. हॅम जिवंत आला. पुढचे उड्डाण माणसाचे ठरले होते. रॉकेटवाल्यांनी आग्रह धरला, आणखी एक रिकामे उड्डाण हवे. ते २४ मार्चला झाले, बिनचूक झाले. १२ एप्रिलला गागारिन कक्षेत जाऊन आला आणि अमेरिकेचा पहिला नंबर हुकला. एका महासत्तेने, सगळे जग बघत असताना, एका रिकाम्या उड्डाणासाठी पहिला नंबर पणाला लावला. तुमच्यावर तर असली कसलीच घाई नाही. वर्गणीदारांना दिलेली तारीख पुढे ढकलता येते.

म्हणून तुमच्यापैकी कोणत्याही गटाने प्रवाशाचे नाव जाहीर करण्याआधी पुढचे कागद सर्वांसमोर ठेवावेत अशी आमची मागणी आहे. टाक्यांच्या पाण्याच्या चाचणीचे आकडे. प्रत्येक व्हॉल्व्हची थंडीतली मोजणी. विमानातून टाकून पाहिलेल्या पॅराशूटची पूर्ण नोंद, फसलेल्या वेळांसकट. बंद कुपीत जमिनीवर माणूस चार तास बसवून घेतलेली हवेची मापे, बाहेर डॉक्टर उभा असताना. समुद्रात कुपी कलंडल्यावर ती आपोआप सरळ होते का याचे चित्रण. जुलै १९६१ मध्ये अमेरिकी अंतराळवीर ग्रिसमच्या कुपीचे दार पाण्यात उडाले आणि कुपी बुडाली, तो पोहून वाचला, तेव्हा दाराची नोंदही हवी. आणि शेवटी, सलग दोन रिकामी उड्डाणे, मध्ये एकही बदल न करता. बदल केला तर पुन्हा दोन. अवकाशात पाठवलेल्या वस्तूंनी केलेल्या नुकसानीबाबतच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय दायित्व करारानुसार तुमच्या रॉकेटने जमिनीवर केलेल्या नुकसानीची भरपाई दुसऱ्या देशाला द्यायची वेळ आली तर ती तुमच्या सरकारला द्यावी लागते. त्यामुळे हे कागद सरकारही मागेल. त्याने मागण्याआधी तुम्ही दाखवा.

हे कागद तपासायला आमच्यापैकी कोणीही, केव्हाही, विनामोबदला बसेल.

आपले,
टाक्या, व्हॉल्व्ह, पॅराशूट आणि श्वसनसंच यांवर काम करणारे काही जण

ता. क. : रिकाम्या उड्डाणात माणसाच्या जागी वाळूची पोती बांधू नका. वाळू एका जागी घट्ट बसते, माणूस पट्ट्यांत घसरतो आणि त्याचा भार सरकतो. सांधे असलेला पुतळा घ्या, पोटात आणि मांड्यांत पाण्याच्या पिशव्या भरा, वजनाचा मध्य प्रवाशाच्या मध्याशी जुळवा. पुतळ्याच्या तोंडापाशी कार्बन डायऑक्साइडची छोटी बाटली लावून मिनिटाला अर्धा लिटर वायू सोडत ठेवा, सोबत ओल्या फडक्याचा दमटपणा. कुपी परत आली की आधी आतल्या हवेचे माप घ्या, मग झाकण उघडा.